रुमालाखालचा करारनामा

शेजारच्या कोंबड्याचा अंगठा घ्यायचा तेवढा सरांनी बाकी ठेवला होता, आणि तोही केवळ कायद्याची अडचण म्हणून. कोंबडा पहाटे फार लवकर आरवतो, सबब त्याला मागच्या आवारात ठेवावे, असा करार घेऊन ते शेजाऱ्याच्या दारात उभे राहिले. शेजारी म्हणाला, "सर, कोंबडा माझं ऐकत न्हाई. त्याचीच सही घ्या." दुसरा कुणी असता तर हसून परत फिरला असता. सर खरोखर विचारात पडले आणि म्हणाले, "तो सज्ञान न्हाई. पालकाचीच लागंल." पालकाने सही केली. कोंबडा आरवायचा तसा आरवत राहिला, पण तेव्हापासून सर त्याला 'कराराचा भंग' म्हणत आणि कूस बदलून झोपत. भंग झालाय हे कागदावर असलं की त्यांना झोप लागायची.

बालाघाटाच्या कडेला, धारूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कोरडवाहू शेतीचं एक छोटं संशोधन केंद्र होतं. सर त्याचे प्रमुख आणि मी टंकलेखिका. पाटोद्याहून टायपिंगची परीक्षा पास होऊन, नवी साडी नेसून मी हजर झाले, तर सरांनी हजेरीपटाच्या आधी एक करार पुढे केला. ज्याअर्थी दोन्ही पक्ष एकाच खोलीत बसणार आहेत, आणि ज्याअर्थी खोलीला खिडकी एकच आहे, त्याअर्थी सकाळी खिडकीवर पहिल्या पक्षाचा व दुपारी दुसऱ्या पक्षाचा अधिकार राहील. दुसरा पक्ष म्हणजे मी. दुपारी त्या खिडकीतून नुसत्या झळा येतात हे मला सही केल्यावर कळलं. तक्रार केली तर म्हणाले, "बाई, वाचून सही करायची असती. आता पुढल्या वर्षी बदलू."

सर अंगाने किडकिडीत, कायम एकच खाकी सफारी. वरच्या खिशात शाईचं पॅड असायचं, त्यामुळे छातीवर जांभळा डाग पक्का बसलेला. पेनं दोन, एक स्वतःचं आणि एक समोरच्याचं, कारण 'पेन न्हाई म्हणून लई करार राहून गेलेत' असं त्यांचं मत होतं. शिवाय केंद्राच्या जीपमध्ये टाइपरायटर सदैव बरोबर. करार कुठे पिकेल सांगता येत नाही म्हणे. जीप खड्ड्यांतून उड्या मारत निघाली की ते लोखंडी धूड माझ्या मांडीवर नाचायचं, आणि मी सरांच्या नावाने बोटं मोडत बसायची.

घरी वहिनीही सुटल्या नव्हत्या. सरांच्या जुन्या चपला न विचारता भंगारात देऊ नयेत, त्याच्या मोबदल्यात सरांनी जेवताना कलमं वाचून दाखवू नयेत, असा त्यांचा करार होता. वहिनींनी सही केली आणि खाली टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'वरील मजकूर वाचलेला नाही.' सरांनी तो कागद फ्रेम करून बैठकीत लावला. येईल त्याला कौतुकाने दाखवायचे, "इतकी प्रामाणिक सही मी दुसरी बघितली न्हाई."

हे खूळ कुठून आलं, असं एकदा मी सरळच विचारलं. नोकरीला नवे असताना त्यांनी दुसऱ्या कचेरीतल्या एका ओळखीच्या माणसाला पावसाच्या नोंदी दिल्या होत्या. चहाच्या टपरीवर, तोंडी विश्वासाने. त्या पठ्ठ्याने त्यातून स्वतःच पावसाचा अंदाज काढला, आमच्या केंद्राचं नाव घालून पत्रकं छापली आणि गावोगाव वाटली. लोकांनी पेरण्या केल्या, पावसाने तोंड दाखवलं नाही. "सगळा हंगाम मला एस्टीत कुणी सरकून जागा देईना," सर सांगत होते. "माणूस माहिती द्यायला भीत न्हाई, बाई. ती पुढं कुणाच्या हाती जाईल आन तिचं काय करतील, याला भितो. तेवढं लिहून द्या, मग बघा कसा पोत्यानं देतो." मला तेव्हा हे सगळं कोंबड्याच्या करारातलंच वाटलं होतं.

मग तो दुष्काळ आला. दुष्काळ आमच्याकडे पाहुणा नव्हेच, घरातलाच, पण त्या वर्षी तो हात धुऊन मागे लागला. ऊसतोडीला माणसं नेहमीपेक्षा लवकर गेली. गावात म्हातारी माणसं, जनावरं आणि त्यांच्याकडे बघणाऱ्या बाया उरल्या.

आमच्या केंद्रात चहा करणारी गोदामावशी त्यातलीच. नवरा आणि मुलगा उसाला गेलेले, घरी ती आणि लालकंधारी बैलांची जोडी, पाखऱ्या आणि गुंड्या. बैल काय, लेकरंच तिची. दूध संघ जनावरांसाठी छावणी उघडणार अशी बातमी आली तेव्हा तिने चहाची कपबशी सरांपुढे ठेवली, पण हात काढला नाही.

"सर, छावणी पावसापस्तोर टिकंल का न्हाई, तेवढं सांगा. टिकत आसंल तर जोडी तिकडं नेते. टिकत नसंल तर आत्ताच इकते, उभी हायती तवर. मधीच पाणी सरलं तर खाटकाबिगर गिऱ्हाईक न्हाई."

सरांना याचं उत्तर देता येईना, कारण उत्तराचे तीन तुकडे तीन ठिकाणी होते. विहिरींचं पाणी पंधरवड्याला किती खाली जातं याच्या नोंदी खालच्या पट्ट्यातल्या साखर कारखान्याकडे. कुठल्या गावात जनावरं किती, याचा आकडा दूध संघाकडे. आणि कुठल्या जमिनीखालचा खडक उन्हाळ्यात किती दिवस पाणी धरतो, हे आमच्या केंद्राकडे. तिघेही आपापल्या तुकड्यावर नाग होऊन बसलेले. विहिरी कळल्या तर ऊस कुठे उभा आहे ते शेजारचा कारखाना ओळखणार आणि पळवणार, ही कारखान्याची धास्ती. जनावरं कळली तर खासगी डेअरीवाले दारात येणार, ही दूध संघाची. आणि अहवाल वरून मंजूर झाल्याशिवाय आमच्या केंद्रातून तर खडकाचं नावही बाहेर जात नसे. "आपणबी त्यातलेच," सर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली. एवढा मोठा करार त्यांना आयुष्यात प्रथमच मिळत होता.

आठवडाभर मी टाइप करत होते. बोटं सुजली. त्यातली विहिरीची व्याख्या अजून पाठ आहे: 'विहीर म्हणजे जमिनीत खणलेला असा खड्डा, ज्यात पाणी आहे, होते, किंवा असावे अशी खणणाऱ्याची प्रामाणिक अपेक्षा होती.' बैठकीला कारखान्याचे शेतकी अधिकारी आले, देहाने भरभक्कम आणि बोलताना अर्धं हसणारे. दूध संघाचे सचिव आले, ते 'नमस्कार'सुद्धा कानात सांगितल्यासारखा करायचे. सरांनी वाचायला सुरुवात केली. जनावराच्या व्याख्येपर्यंत येईतो शेतकी अधिकाऱ्यांना डुलकी लागली, आणि 'त्रयस्थ पक्ष' हा शब्द ऐकून सचिवांना घाम फुटला.

"सर, कागद नको," सचिव कुजबुजले. "कागदाला पाय फुटत्यात. संचालकांनी इचारलं तर मी काय सांगू?"

"कावून येवढा खटाटोप?" शेतकी अधिकारी जागे होऊन म्हणाले. "तुमी आपले माणूस. विहिरींचं तोंडी सांगतो की. ऐका, नदीकाठची ती मोठी विहीर..."

सरांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "करार न्हाई तवर ऐकणार न्हाई. ती चोरी हुईल." शेतकी अधिकाऱ्यांनी आवाज चढवला, तसे सर खुर्चीवरून उठून बाहेर पळाले. मग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं: पर्जन्यमापकाभोवती पुढे कानात बोटं घातलेले सर आणि मागे 'अवो ऐका की' करत धावणारे शेतकी अधिकारी. आपलं गुपित सांगायला माणूस धावतोय आणि ज्याला ते हवंय तो पळतोय, असं दृश्य पुन्हा दिसलं नाही. मला हसू आवरेना. गोदामावशीला मात्र राग आला.

"कान हायत कशाला मग?" ती म्हणाली आणि किटली आदळून निघून गेली. तेव्हा मलाही सरांचा मनापासून राग आला. एका बाईचे बैल जातायत, आणि हा माणूस व्याख्या घेऊन बसलाय.

पुढच्या बाजारी मावशी कामावर आली नाही. जोडी घेऊन बैलबाजारात गेली म्हणून कळलं. सरांनी जीप काढली. म्हणजे आम्ही ढकलली, आणि सर बसले. टाइपरायटर माझ्या मांडीवर होताच.

बाजार इतका भरलेला की पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे विकणारे, घेणारे मोजकेच, तेही ट्रक घेऊन आलेले. गोदामावशी जोडी धरून उभी होती, पदर तोंडात. तिच्यासमोर एक दलाल आणि ट्रकवाला व्यापारी, दोघांचे हात एका मळक्या रुमालाखाली. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं धरतात, धरणाऱ्याला कळतो, शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. एकदा पुरता पंजा दाबला की सौदा पक्का, मग माघार घेणाऱ्याला बाजारात कुणी उभं करत नाही.

आमचे दोन्ही साहेबही तिथेच होते. पुढच्या हंगामाला ऊस ओढायला गाडीबैल उरतात की नाही, हे बघायला शेतकी अधिकारी आलेले, आणि म्हशींचा भाव बघायला सचिव. सरांना बघून शेतकी अधिकाऱ्यांनी तोंड उघडलं, आणि सरांची बोटं कानाकडे निघाली. पण ती मधेच थांबली. सर रुमालाकडे बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "हा करारच हाय की. कोण बघणार ते ठरलंय. कोण न्हाई बघणार तेबी ठरलंय. मोडला तर काय, तेबी समद्यांना ठाऊक. आन एक कलम न्हाई लिहिलेलं." एवढी वर्षं करार करणाऱ्या माणसाने बैलबाजाराचा रुमाल आज पहिल्यांदा नीट पाहिला होता. ते तडक दलालापुढे जाऊन उभे राहिले. "यात तिसऱ्याला कळत न्हाई, याची हमी काय?"

व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला म्हणून दलाल आधीच वैतागलेला. "हात घालून बघ की बे," तो म्हणाला.

सरांनी हात घातला. दलालाने मावशीने सांगितलेला भाव बोटांवर धरला. आता सरांना बोटांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण समोर माणूस उभा आहे, हातात हात आहे, आणि करारात दोन पक्ष भेटल्यावर काय करायचं हे त्यांच्या अंगात भिनलेलं. त्यांनी दलालाचा हात सगळ्या बोटांनी घट्ट धरला आणि गदागदा हलवला.

"सुटली," दलाल ओरडला. "जोडी सायबाची." कुणीतरी पाखऱ्याच्या पाठीवर गुलालसुद्धा टाकला.

सरांचा चेहरा मला अजून दिसतो. बैल घेतले हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर दुसरा कुणी 'चूक झाली, माहीत नव्हतं' म्हणाला असता. दलालानेही बहुधा सोडून दिलं असतं. पण सरांनी रुमालाखालून हात काढला, गुलाल बघितला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मंजूर." नुकताच झालेला पगार गेला, मनगटावरचं घड्याळ गेलं. मावशीला तिने सांगितला तो पुरा भाव मिळाला, जो त्या बाजारात कुणालाच मिळाला नव्हता. तिने पैसे पदरात बांधले, गुंड्याच्या गळ्यात पडली आणि हमसून रडायला लागली. भाव मिळाला म्हणून बैल जायचे थोडेच थांबतात.

सर दोन कासरे हातात धरून उभे. पाखऱ्या त्यांच्या खिशातलं शाईचं पॅड हुंगत होता. तेवढ्यात शेतकी अधिकारी जवळ आले. आज ते हसत नव्हते.

"सर, ही जोडी आता तुमी कुठं ठिवणार?"

"छावणीत."

"कंच्या?"

"ते तुमचं विहिरींचं कळल्याबिगर कसं सांगू?"

शेतकी अधिकाऱ्यांनी सचिवांकडे बघितलं. "हे बघा," ते म्हणाले, "आतापस्तोर ह्यांचं कागदच हुते. आता ह्यांचं जनावर हाय. खोटं सांगून, हिकडचं तिकडं करून ह्यांचंच मरण हाय. करा कागद. पण येकच पान. आन ती व्याख्या-बिख्या न्हाई."

तिथेच एका बैलगाडीच्या साटीवर मी टाइपरायटर मांडला. सर सांगत होते, दोघे अधिकारी मधे मधे तोडत होते, आणि आपसात पटेना तिथे दलालाचा रुमाल मागून घेत होते. रुमालाखाली काय ठरलं ते आम्हाला कळायचं नाही, कागदावर यायचं तेवढं मी टाइप करायची. विहिरींच्या नोंदी फक्त छावणीची जागा ठरवायला, त्यावरून उसाचा हिशेब कुणी मांडायचा नाही. जनावरांचा आकडा फक्त चाऱ्यासाठी. केंद्राने खडकाची माहिती द्यायची, तिच्यावरून पत्रकं छापायची नाहीत. तिघांखेरीज चौथ्याला दाखवायचं नाही, त्यात जावई आणि मेहुणे धरून, ही सचिवांची अट. पाऊस पडला की करार संपला. मोडेल त्याने काय करायचं, यावर वाद झाला, तेव्हा मावशी डोळे पुसत म्हणाली, "मोडंल त्यानं समद्या छावणीचं शेण काढायचं." ते कलम सर्वानुमते मंजूर झालं. आपला अहवाल मंजूर नसताना आपण माहिती कशी देणार, असं मी सरांच्या कानात म्हटलं. "वरच्यांना मी खुलासा देईन," ते म्हणाले. "माझे बैल हायत."

दुसऱ्या दिवशी केंद्रात तिघांचे कागद एकमेकांशेजारी ठेवले आणि चूक उघडी पडली. छावणी नदीकाठच्या मोठ्या विहिरीवर घालायचं जवळजवळ ठरलेलं होतं. ती विहीर दर पंधरवड्याला खचत चालली होती, हे कारखान्याला ठाऊक, पण तिथे किती जनावरं येणार ते ठाऊक नव्हतं. संघाला जनावरं ठाऊक, विहीर ठाऊक नव्हती. आणि घाटाच्या पायथ्याची एक जुनी, अर्धी बुजलेली विहीर, जिच्याकडे कुणी बघतही नव्हतं, तिच्याखालचा खडक उशिरापर्यंत पाझरतो हे आमच्या कपाटात पडून होतं. छावणी पायथ्याला गेली. नदीकाठची विहीर भर उन्हाळ्यात कोरडी ठक्क पडली. पायथ्याची पावसापर्यंत पुरली. तेव्हा मी सरांना मनातल्या मनात एक नमस्कार केला, कोंबड्यासकट.

छावणी उठली तेव्हा पाखऱ्या आणि गुंड्या सुटलेल्या पोटाने बाहेर आले. आता प्रश्न असा की जोडी सरांची. मावशीचे पैसे तर उन्हाळ्यात पीठ-मिठाला संपलेले. सरांनी रात्रभर विचार करून तोडगा काढला आणि मला बाजारातलाच करार पुन्हा टाइप करायला सांगितला, फक्त 'माहिती' जिथे असेल तिथे 'बैल' घालायचं. मी घातलं. मालकी पहिल्या पक्षाची, वापर दुसऱ्या पक्षाचा. बैलांचा वापर ठरलेल्या कामाखेरीज करू नये. बैल त्रयस्थास दाखवू नयेत. बैलांच्या आधारे पत्रके छापू नयेत. मावशीला मी हे वाचून दाखवलं, तिने गंभीरपणे ऐकलं.

"समदं कबूल," ती म्हणाली. "माझं येक कलम घाला. पोळ्याला मालक पाहिजे. मालकानं पाया पडल्याबिगर जोडीला घास देणार न्हाई."

सरांनी ते घातलं आणि सवयीप्रमाणे खाली आपलं एक जोडलं: उशीर झाल्यास मालकाने लेखी खुलासा द्यावा.

सरांची बदली झाली, तरी दर पोळ्याला ते यायचे. तीच सफारी, हातात बैलांच्या तोंडाला बांधायच्या नव्या म्होरक्या, कपाळाला गंध लावून बैलांच्या पाया पडायचे. एका वर्षी मात्र दुपार टळली तरी पत्ता नाही. पावसाळ्यात ते आजारी होते, दवाखान्यात होते, एवढं मला माहीत होतं. मावशीला मी ते सांगितलं नव्हतं. गावातली बैलं देवळाला फेरी घालून, पुरणपोळी खाऊन गोठ्यात परत गेली. शिंगं रंगवलेली, झुली घातलेली आमची जोडी तेवढी रस्त्याच्या कडेला उपाशी उभी. लोक म्हणाले, मावशे, मुक्या जिवाला कावून तिष्ठत ठेवतीस. ती म्हणाली, "कागद हाय." पण तिचा आवाज ठीक नव्हता. मला वाटलं, सर आता येणार नाहीत.

दिवे लागायच्या सुमाराला तेलगावकडून आलेला एक टेम्पो थांबला. पुढच्या बाजूने सर उतरले. अर्धे झाले होते. सफारी अंगावर लोंबत होती. दोन पावलं टाकून ते थांबले, दम खाल्ला, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून वाचू लागले, "ज्याअर्थी पहिल्या पक्षास वेळेवर वाहन मिळाले नाही, आणि ज्याअर्थी..."

पाखऱ्याने मान लांब केली, कागद तोंडात धरला आणि सावकाश चावून गिळला.

मावशी घाबरून कासरा ओढायला धावली. सरांनी तिला हाताने थांबवलं. ते वाकले, दोन्ही बैलांच्या पायांना हात लावला, आणि उठताना पाखऱ्याच्या मानेचा आधार घेऊन मला म्हणाले, "बाई, लिहून घ्या. खुलासा दाखल झाला."